स्कॉचचा टँक न्हावाशेवाला उतरतो तेव्हा: परवाने, बाँड आणि बाटलीचं गणित

वाइन शॉपमध्ये दोन स्कॉच शेजारी शेजारी असतात, दोन्हींवर स्कॉटलंडचं नाव, दोन्ही खऱ्या, तरी एकीचा भाव ऐकून माणूस गप्प दुसरी उचलतो. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो "ती इम्पोर्टेड आहे साहेब", मग दुसरी काय चाकणला बनते का? तर नाही, ती पण स्कॉटलंडचीच, फक्त बाटलीत इथे भरलेली. लेबलच्या मागे बारीक अक्षरात बघा, भारतात बॉटलिंग केलं असं लिहिलेलं सापडेल. ट्रेडमध्ये पहिलीला बीआयओ (बॉटल्ड इन ओरिजिन, मूळ देशातच भरलेली) म्हणतात, दुसरीला बीआयआय (बॉटल्ड इन इंडिया). व्हॅट ६९, ब्लॅक डॉग, टीचर्स, १०० पायपर्स हे आपल्याकडचे ओळखीचे ब्रँड बीआयआयवाले. या दोन बाटल्या बंदरावरून दुकानापर्यंत वेगवेगळ्या वाटेने येतात आणि त्या वाटेत इतके परवाने, पास आणि शिक्के आहेत की लाइनमधली माणसं पण एका दमात सगळं सांगू शकत नाहीत. पण मुळात गोष्ट एकच आहे. दारूवर दोन सरकारांचा हक्क आहे आणि प्रत्येक कागद हा "कुणी, कधी, किती घ्यायचे" याचं उत्तर आहे. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

आता दोन सरकारं कशी ते बघू. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आठवी नोंद दारूची आहे, बनवणं, बाळगणं, ने-आण, खरेदी, विक्री सगळं राज्याकडे, आणि ५१ व्या नोंदीत त्यावरची एक्साइज पण राज्याची. परदेशातून येणाऱ्या मालावरची कस्टम ड्युटी मात्र केंद्राची, ती केंद्राच्या यादीत ८३ वी नोंद. जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू मुद्दाम बाहेर ठेवली, कारण कुठलंच राज्य ही दुभती गाय सोडायला तयार नव्हतं. म्हणजे जहाजातून माल उतरला की तो आधी केंद्राच्या दारात, आणि तिथून बाहेर पडला की राज्याच्या.

यावर भांडण फार जुनं आहे आणि ते आपल्या मुंबईतूनच सुरू झालं. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला (आज तोच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून चालतो, म्हणजे आपल्याकडे दारू विकायचं लायसन्स दारूबंदीच्या कायद्याखाली मिळतं, हे ज्याला समजलं त्याला अर्धा महाराष्ट्र समजला). त्याच्याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले, मला माझी व्हिस्की, ब्रँडी, वाइन बाळगू द्या म्हणून. एक मुद्दा असा होता की परदेशी माल आयात करणं हा केंद्राचा विषय, मग राज्य त्यावर बंदी कशी घालतं? सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये सांगितलं की आयात वेगळी, आणि आयात झाल्यावर माल बाळगणं, विकणं वेगळं, ते राज्याच्या हातात आहे. कायद्याची काही कलमं उडाली, औषधी अल्कोहोल आणि यूडी कोलोनसारख्या गोष्टींच्या बाबतीत, पण गाभा टिकला. आज कस्टमने क्लिअर केलेली बाटली राज्याच्या परवान्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही त्याचं मूळ इथे आहे. कस्टमची ड्युटी भरली म्हणजे दारू विकायची परवानगी मिळाली असं नसतं, हे नवीन इम्पोर्टरला सगळ्यात उशिरा कळतं.

मग बाँड. हा शब्द कानावर पडतो पण नीट कुणी सांगत नाही. साध्या भाषेत सांगायचं तर बाँडेड वेअरहाऊस म्हणजे असं गोडाऊन जिथे माल देशात आलाय पण ड्युटीच्या हिशोबात अजून आलेला नाही. पनवेल, उरण, भिवंडी पट्ट्यात अशी गोडाऊनं आहेत. कंटेनर न्हावाशेवाला उतरला की इम्पोर्टरकडे दोन रस्ते, एक तर तिथल्या तिथे सगळी ड्युटी भरून माल सोडवायचा, किंवा ड्युटी न भरता माल बाँडमध्ये टाकायचा आणि लागेल तसा थोडा थोडा काढायचा. दारूवाले जवळपास सगळे दुसरा रस्ता धरतात, कारण ड्युटी मालाच्या किमतीपेक्षा जास्त असते, एवढा पैसा एकदम कोण अडकवणार! पूर्वी कागदी बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टमकडे भरायचा फॉर्म) होती तेव्हा थेट सोडवायचं पांढरं, बाँडमध्ये टाकायचं पिवळं आणि बाँडमधून काढायचं हिरवं असायचं. आता सगळं आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, ऑनलाइन आहे, रंग गेले, तरी जुने क्लिअरिंगवाले अजून "पिवळं लावलं का" असंच विचारतात.

बाँड हे नाव ज्यावरून पडलं तो खरोखरचा बाँड असतो, करारनामा. कस्टम्स कायदा १९६२ च्या ५९ व्या कलमाखाली इम्पोर्टर लिहून देतो की माल मी नीट ठेवीन, ड्युटी भरीन, आणि त्याची रक्कम ड्युटीच्या तिप्पट असते. पहिले ९० दिवस व्याज नाही, त्यानंतर न भरलेल्या ड्युटीवर वर्षाला १५ टक्के व्याज चालू होतं. माल एक वर्ष ठेवता येतो, पुढे मुदतवाढ मागावी लागते. दारू हवेत उडते हे पण कायद्याला माहीत आहे बरं का, उडून कमी होणाऱ्या मालाच्या तुटीवरची ड्युटी माफ करायची तरतूद ७० व्या कलमात आहे, अर्थात अधिकाऱ्याची खात्री पटली तर. "उडून गेली" आणि "उडवली" यातला फरक त्याला चांगला कळतो.

बाँडची खरी गंमत दराची आहे. ड्युटीचा दर माल बंदरात आला त्या दिवशीचा लागत नाही, बाँडमधून काढायची बिल ऑफ एंट्री भरली त्या दिवशीचा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अमेरिकन बर्बन व्हिस्कीवरची ड्युटी १५० वरून १०० टक्क्यांवर आणली, तेव्हा ज्याची बर्बन बाँडमध्ये पडून होती त्याला नवा दर मिळाला, आणि ज्याने आदल्याच आठवड्यात सगळी सोडवून घेतली त्याने कपाळाला हात लावला. त्यामुळे कुठल्याही व्यापार कराराची नुसती कुणकुण लागली तरी गोडाऊनमधून माल निघायचा हळू होतो. एअरपोर्टवरचं ड्युटी फ्री दुकान हा पण याच जातीचा प्रकार, कस्टमच्या कुलपाखालचं स्पेशल वेअरहाऊस, फक्त तिथे लाइटिंग चांगलं असतं.

आता तिकडेच भरून आलेल्या बाटलीचा, म्हणजे बीआयओचा रस्ता बघू. बाँडमध्ये बसलेल्या बाटलीला बाहेर पडायला तीन जणांची हो लागते. पहिलं कस्टम. दुसरं एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेचं केंद्राचं प्राधिकरण, कारण दारू ही कायद्याने अन्न आहे. अल्कोहोलिक बेव्हरेजेसचे वेगळे नियम २०१८ मध्ये आले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले, त्यात कुठल्या दारूत काय आणि किती चालतं ते आहे, आणि लेबलवर "मद्यपान आरोग्याला हानिकारक, पिऊन गाडी चालवू नका" या अर्थाची वॉर्निंग ठरलेल्या आकारात हवी. त्यांचा माणूस बघतो, सॅम्पल जातं, एनओसी येते. तिसरं राज्य उत्पादन शुल्क, म्हणजे आपलं एक्साइज. तिथे आधी ब्रँडचं लेबल मंजूर लागतं, एमआरपी छापलेली लागते, फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी अशा अर्थाची ओळ लागते. घाऊक विक्रीचं लायसन्स एफएल-१, त्याच्याकडून माल एफएल-२ म्हणजे आपल्या वाइन शॉपला, नाहीतर एफएल-३ म्हणजे परमिट रूमला. आणि गाडी हलायची तर ट्रान्सपोर्ट पास, ज्याला सगळे टीपी म्हणतात, त्यावर गाडी नंबर, माल किती, कुठून कुठे, किती वेळात, सगळं. टीपीची वेळ संपली आणि गाडी पंक्चर होऊन खालापूरला उभी असली तर ड्रायव्हरचा जीव टांगणीला. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे, तिथून जाणाऱ्या गाडीकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

लेबलचं काम बघायला मिळालं तर नक्की बघा. परदेशात छापलेल्या लेबलवर आपल्याला हवं ते नसतं, म्हणून इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा नंबर, एमआरपी वगैरेचं स्टिकर बाँडमध्येच लावतात. प्रत्येक पेटी उघडायची, १२ बाटल्या बाहेर, मागच्या बाजूला मूळ मजकूर झाकला जाणार नाही अशा जागी स्टिकर, अंगठ्याने बुडबुडा दाबून काढायचा, बाटली परत खणात, पेटीला टेप. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात आणि हात असे चालतात की बघत राहावं. दहा-दहा हजारांच्या बाटल्या, पण त्यांच्या हिशोबात ते नग. स्टिकर तिरकं लागलं किंवा अल्कोहोलचा टक्का झाकला गेला की पेटी बाजूला आणि सुपरवायझरची कटकट.

आता दुसरी वाट, बल्कची. इथे माल बाटलीत येत नाही, आयएसओ टँकमध्ये येतो, स्टीलचा आडवा टँक कंटेनरच्या चौकटीत बसवलेला, साधारण २४ हजार लिटरचा, नाहीतर कंटेनरच्या आत भली मोठी प्लास्टिकची पिशवी असते, फ्लेक्सीटँक. लाकडी पिंपातून स्कॉच निर्यात करायला ब्रिटिश कायद्याने बंदी आहे, त्यामुळे जहाजातून पिंपं उतरतात हे चित्र डोक्यातून काढून टाका. आणि सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की) तर बल्कमध्ये येऊच शकत नाही, २०१२ च्या नोव्हेंबरपासून तो स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरला पाहिजे असा नियम आहे. म्हणून इथे भरलेली स्कॉच म्हटली की ती ब्लेंडेडच, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेली. कुणी तुम्हाला इथे भरलेला स्कॉच सिंगल माल्ट स्वस्तात देत असेल तर हात जोडून घरी या. (भारतात बनलेले सिंगल माल्ट वेगळे, ते आपलेच, त्यांची गोष्ट निराळी.)

बल्कचा फायदा आकड्यात बघा. टँकमधला माल कडक असतो, ६० टक्के अल्कोहोल धरू. २४ हजार लिटर गुणिले ६० टक्के, म्हणजे १४,४०० लिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे व्हिस्की ४२.८ टक्क्यांना विकतात, म्हणजे डीएम (क्षार काढलेलं) पाणी घालून ती साधारण साडेतेहतीस हजार लिटर होते, ७५० मिलीच्या जवळपास ४५ हजार बाटल्या. तेवढ्याच आकाराच्या कंटेनरमध्ये भरलेल्या बाटल्या आणल्या तर बारा-चौदा हजार मावल्या तरी खूप, त्यात अर्धं वजन काचेचं. तो ४२.८ चा विचित्र आकडा इंग्रजांच्या जुन्या प्रूफ मापातून आलाय, त्यांचं १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे ७५ टक्के केले की ४२.८. साहेब गेला, स्वतः त्याने ते माप सोडून दिलं, आपलं एक्साइज अजून प्रूफ लिटरमध्ये हिशोब करतं.

पण खरा फायदा भाड्याचा नाही, ड्युटीचा आहे. ड्युटी लिटरवर नाही, किमतीवर आहे, आणि किंमत धरतात ती भाडं आणि विमा धरून बंदरापर्यंतची. फक्त समजायला गोल आकडे घेऊ. भरलेली बाटली बंदरात ५०० रुपयांना पडली, त्यावर १५० टक्के म्हणजे ७५०, झाले १२५०. या ५०० मध्ये काच, बूच, खोका, तिकडच्या कामगाराचा पगार, ब्रँडवाल्याचा नफा सगळं आलं आणि त्या प्रत्येकावर आपण दीडपट ड्युटी भरली. आता तीच व्हिस्की टँकमधून आली, बाटलीमागे २०० रुपये पडली, ड्युटी ३००, झाले ५००, वर इथली बाटली, बूच, लेबल, खोका मिळून ६० धरा. ५६० विरुद्ध १२५०, आणि अजून राज्य सरकार दारात आलेलं पण नाही. काचेवर १५० टक्के ड्युटी कोण भरेल, म्हणून काच इथली. सगळं बॉटलिंग यावर उभं आहे.

बॉटलिंग मात्र कुठल्याही शेडमध्ये करता येत नाही. त्याला पीएलएल लागतं, म्हणजे पिण्याची विदेशी दारू बनवायचं लायसन्स, आणि हा कारखाना बंदरावर असावा असं काही नाही, नाशिककडे दिंडोरीला असे कारखाने आहेत. टँक बंदरावरून सील होऊन तिथे जातो. पोचल्यावर आधी सील नंबर कागदाशी जुळवतात, मग माप, मग टेंपरेचर, मग हायड्रोमीटर सोडून कडकपणा बघतात, कारण गरमीत दारू फुगते आणि नुसत्या लिटरवर विश्वास ठेवला तर हिशोब चुकतो. सॅम्पलच्या बाटल्या सील होतात. हे सगळं एक्साइजच्या अधिकाऱ्यासमोर, तो कारखान्यातच नेमलेला असतो आणि त्याच्या नेमणुकीचा खर्च कारखानदाराच भरतो. रजिस्टरमध्ये टँकमध्ये किती आली, पाणी घालून किती झाली, किती बाटल्या भरल्या, किती सांडली, सगळी नोंद, आणि बेरीज जुळली नाही तर हिशोब द्यायचा. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, बल्कमधली सगळी स्कॉच स्कॉच म्हणून विकली जात नाही, बरीचशी आपल्या देशी ब्रँडच्या व्हिस्कीत मिसळायला जाते, लेबलवर "स्कॉच माल्टसह" अशा अर्थाचं जे अभिमानाने छापतात ते हेच.

इथे भरली की राज्याच्या नजरेत ती आयएमएफएल होते, म्हणजे भारतात बनलेली विदेशी दारू (हे नाव ज्याने ठेवलं त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे). तिच्यावर एक्साइज निर्मिती खर्चाच्या पटीत. आणि बाहेरून भरून आलेल्या बाटलीवर राज्य वेगळी स्पेशल ड्युटी घेतं. ती पूर्वी निर्मिती खर्चाच्या ३०० टक्के होती, नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने ती १५० वर आणली. कारण उघड होतं, दुसऱ्या राज्यांत तीच बाटली एवढी स्वस्त मिळायची की लोक तिकडून आणायचे, आणि डुप्लिकेटवाल्यांची पण चांदी होती. गोव्याहून येताना बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर डिकी का उघडायला लावतात त्याचं उत्तर हेच. दारूच्या बाबतीत प्रत्येक राज्य वेगळा देश आहे. जून २०२५ मध्ये राज्याने पुन्हा उलटी दिशा धरली, स्वस्तातल्या आयएमएफएलवरची ड्युटी निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केली आणि महाराष्ट्र मेड लिकर नावाचा नवा प्रकार काढला. बीआयओवर सूट आणि देशी बाटलीवर वाढ, चार वर्षांत.

केंद्र आणि राज्य यांची ही रस्सीखेच जिनिव्हापर्यंत गेलेली आहे. २००७ मध्ये डब्ल्यूटीओत, म्हणजे तिथल्या जागतिक व्यापार संघटनेत, तक्रारी झाल्यावर केंद्राने आयात दारूवरची जादा ड्युटी काढली. लगेच काही राज्यांनी आयात दारूवर आपापली फी नाहीतर टॅक्स लावला, म्हणजे एका हाताने सोडलं ते दुसऱ्या हाताने धरलं, आणि २००८ मध्ये युरोपवाल्यांनी परत तक्रार केली ती नाव घेऊन, महाराष्ट्र, गोवा आणि तमिळनाडू. आजचे दीडशे टक्के पण दोन तुकड्यांत आहेत, २०२१ च्या बजेटपासून ५० टक्के मूळ ड्युटी आणि १०० टक्के शेतीसाठीचा सेस.

ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, त्यात व्हिस्कीवरची ड्युटी १५० वरून आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायची आहे. लगेच व्हॉट्सॲपवर "स्कॉच निम्म्या भावात" सुरू झालं. वरचंच गणित लावा. ५०० च्या बाटलीवर ७५० ऐवजी ३७५, म्हणजे ३७५ वाचले, बल्कवाल्या बाटलीमागे १५० वाचले. पण त्यावर राज्याची ड्युटी, व्हॅट, घाऊकवाल्याचं आणि दुकानदाराचं मार्जिन तसंच राहणार, म्हणून काउंटरवर निम्मा भाव होणं कठीण. जास्त फायदा महाग बीआयओ बाटलीला आणि व्हिस्कीत स्कॉच मिसळणाऱ्या आपल्याच कंपन्यांना. ऑस्ट्रेलियन वाइनचं तसंच आहे, २९ डिसेंबर २०२२ पासून तो करार चालू आहे, पण सवलत बाटली किमान पाच अमेरिकन डॉलरची असेल तरच, म्हणजे स्वस्त वाइनला काही नाही.

आता कुणाला खरंच छोट्या प्रमाणावर वाइन-बिइन आणायची हौस असेल तर क्रम उलटा लावा एवढंच सांगेन. लोक आधी माल घेतात, जहाजात चढवतात आणि मग एक्साइजच्या ऑफिसात लेबल घेऊन जातात. तिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून फाइल परत येते, तोवर कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) उभा, तिकडे डिमरेज म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, कंटेनर अडकवल्याचं शिपिंग लाइनचं डिटेन्शन वेगळं, आणि बाँडमध्ये टाकला तरी गोडाऊनचं भाडं. आधी लायसन्सवाला घाऊक विक्रेता पक्का करा, मग लेबल मंजूर करून घ्या, एफएसएसएआयचं आणि आयईसीचं (आयात-निर्यातीचा कोड नंबर) बघा, बाँडमध्ये जागा बोला, आणि त्यानंतर तिकडच्या माणसाला सांगा की भर कंटेनर. आणि स्टिकरचा खर्च कॉस्टिंगमध्ये धरा, तो सगळे विसरतात.